फुटाला दोन सूत

गॅसवर एकीकडे दूध होतं, दुसरीकडे पोह्यांची कढई. ह्यांची जनरल शिफ्ट असली की साडेसातनंतर आमच्या घरात कुणी कुणाशी पूर्ण वाक्य बोलत नसे. तेवढ्यात कडी वाजली. दुधाखालची आच कमी करून मी दार उघडलं, तर शेषराव उभे. सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं बांधलेली दोन लाकडी दारं, आणि अंगात चक्क इस्त्रीचा शर्ट.

"वहिनी, कपाटाची दारं आणली. दहा मिनिटांत बसवून देतो."

१९८७ साल होतं. स्मृती नगरातलं आमचं घर नवीन, आणि नवीन घरासारखंच अर्धवट. स्वयंपाकघरातल्या भिंतीतल्या कपाटाला मी वर्षभर जुन्या साडीचा पडदा लावून भागवत होते. शेषराव मूळचे गोंदियाकडचे, राहायला कॅम्प-१ या कामगारवस्तीत. सोळा वर्षं एका खाजगी फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. पोलादाची जी वस्तू ओतायची, तिचा आधी लाकडी नमुना करायचा. तो वाळूत दाबून काढला की झाला साचा. पाच महिन्यांपूर्वी त्या फाउंड्रीला टाळं लागलं. सुरुवातीला ते रोज सायकल घेऊन कारखान्यांच्या फाटकांवर जात. मग जाणं थांबलं. त्यांची बायको कलावती माझे ब्लाउज शिवायची. ती एकदा माप घेता घेता म्हणाली, "दिवसभर खाटेवर पडून राह्यते माणूस. बोलत नाही, भांडतही नाही. वहिनी, काईतरी काम द्या त्याईले. एकडाव हातात रंधा येऊ द्या."

म्हणून ही दारं. ह्यांनी टेपनं माप घेऊन चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. शेषरावांनी ती आपल्या घरी बसून केली. टाळं लागल्यापासूनचं त्यांचं हे पहिलं काम.

एक दार बसेना. चौकटीपेक्षा इंचभर उंच, रुंदीलाही थोडं जास्त. दुसरं लावून पाहिलं, तेही तसंच.

"शेषराव, कपाटाचं दार सांगितलं होतं हो, किल्ल्याचं नाही," हे बूट घालता घालता म्हणाले आणि ड्यूटीला गेले.

शेषराव खाली फरशीवर बसले. कानशिलावरून घाम ओघळत होता, तो त्यांनी पुसलाही नाही.

"माहा हात गेला वहिनी," ते म्हणाले. "सोळा वर्षांत एक सूत इकडचं तिकडं झालं नाही. कलावतीले काहून म्हटलं मीनं, का मी करतो म्हणून? लाकूड वाया गेलं तुमचं. मी गावाकडं जातो आता. तिथं कोणी माप पाहात नाही."

कलावतीनं मला सांगितलं होतं की खाटेवर पडल्यापासून ते पहिल्यांदा पोटभर जेवले, ते ही दारं करायला घेतली त्या दिवशी. आता हे असेच परत गेले तर पुन्हा खाट धरतील, हे मला दिसत होतं. शिवणाच्या डब्यातला टेप आणून मी दोन्ही दारं मोजली. चार फुटांच्या जागी चार फूट एक इंच. दुसरंही चार फूट एक इंच, केसाचाही फरक नाही.

"भाऊ, हात गेला असता तर एक दार मोठं झालं असतं न् एक लहान," मी म्हटलं. "ही दोन्ही सारखीच कशी चुकली?"

त्यांनी मान वर केली. पिशवीतून आपली पट्टी काढली आणि माझ्या टेपशेजारी फरशीवर ठेवली. पट्टीवरचा एक फूट टेपवरच्या फुटाच्या पाव इंच, म्हणजे दोन सूत, पुढे गेला होता.

"फाउंड्रीची पट्टी हाये ही," ते म्हणाले. "पोलाद थंडं झालं का आकसते ना जी. म्हणून पॅटर्न फुटाले दोन सूत मोठा करा लागते. दर वेळी हिशोब नको म्हणून पट्टीच मोठी आखलेली असते. सोळा वर्षं हीच धरली. घरात दुसरी पट्टीच नाही."

"म्हणजे तुमचं माप बरोबरच होतं."

"बरोबरच होतं जी. तुमचं कपाट ओतलेलं नाही, एवढंच."

दारं परत नेतो म्हणत होते. मी म्हटलं, मोठं आहे ते लहान करता येतं, आधी पोहे खा. मग अंगणात त्यांनी करवत चालवली, रंधा मारला. दुपारी दारं बसली तेव्हा चारी बाजूंनी पोस्टकार्ड सरकेल एवढीच फट होती, कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. एक खिळा दिसत नव्हता. जाताना त्यांनी माझा टेप मागून नेला.

त्यानंतर मी हळदीकुंकवात, भिशीत, भाजीवाल्यापाशी, भेटेल तिला सांगू लागले, "बिचाऱ्याची नोकरी गेली हो, पदरी दोन मुली आहेत. काही काम असेल तर द्या." कामं आली. कुणाच्या स्टुलाचा पाय, कुणाचा पोळपाट, कुणाची निखळलेली कडी. समोरच्या रत्नमालाबाईंनी आपला दिवाण दुर्गच्या सुताराकडून करवून घेतला आणि उरलेलं प्लायवूड, वर आपल्या नवऱ्याचे दोन जुने स्वेटर शेषरावांना दिले. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. उलट, आपण एका घराला हात दिला, असंच वाटत होतं. कलावतीही सांगायची, "आता सहालेच उठून पटाशी घासून राह्यते."

होळीच्या आधी ते आमच्या मागच्या दाराला जाळी बसवायला आले. काम झालं, चहा झाला, तरी उठेनात. कप बशीत नीट ठेवला, पुन्हा उचलून ठेवला.

"काल रत्नमालाबाईंच्या पाहुण्याईले कपाट करायचं होतं," ते म्हणाले. "मी म्हटलं, मी करतो. तर बाई त्याईले म्हणतात, हे आपले बारीकसारीक करतात, नोकरी गेली ना बिचाऱ्याची. पाहुणे हसले न् मले दहा रुपये देऊन राहिले. काम न करता."

ते शब्द कुणाचे होते ते मला ठाऊक होतं. त्यांनाही असावं. पण त्यांच्या बोलण्यात राग नव्हता.

"वहिनी, तुम्ही मले उठवलं, ते मी विसरत नाही," शेषराव म्हणाले. "एक मागतो. यापुढं कोणाले माह्याबद्दल सांगान, तर नोकरी गेली म्हणून नका सांगू. सुतार चांगला हाये, एवढंच सांगा."