शून्याचं स्टूल

माझ्या मावशीच्या घरातला एकही पडदा शेवटपर्यंत पडदा म्हणून जगला नाही. सगळे ती शिकवते त्या पहिलीच्या वर्गात कामी आले.

वर्गाच्या फरशीवर खडूने आखलेली दोन घरं: उजवीकडे एककाचं, डावीकडे दशकाचं. पोरं एकेक करून एककात शिरायची. दहावं आत आलं की आरोळी, "घर भरलं!" लगेच पडद्याच्या पट्टीने दहाजणांची मोळी बांधायची आणि त्या वीस पायांच्या प्राण्याने धडपडत दशकाच्या घरात जायचं. मग एककाचं घर रिकामं. पण रिकामं झालं म्हणून पाडायचं नाही! तिथे स्टूल ठेवून पहारेकरी बसवायचा. तो पहारेकरी म्हणजे शून्य.

हा मान वर्गातल्या सगळ्यात छोट्या मुलीचा. सगळे तिला लिंबूटिंबूच म्हणत. खेळात आहे, मोजणीत नाही. आणि फळ्यावर शून्य गिळण्यात हिचाच हातखंडा! वीस सांगा, दोन लिहून मोकळी.

शेजारच्या वर्गाच्या बाईंनी तक्रार केली, "भिंतीपलीकडे गणित चाललंय की घर बदलतायत?" मुख्याध्यापकांनी मावशीला बोलावलं. "शुक्रवारी येतो, बाई. एका मुलाला फळ्यापाशी उभं करीन. चुकलं, तर खेळ बंद. बाकावर बसून घोकंपट्टी."

मावशीने घरी येऊन सगळं सांगितलं. काका म्हणाले, "चला, निदान पडदे तरी वाचतील!" मावशीने त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की उरलेला पडदा त्यांनी स्वतःच काढून हातात दिला.

शुक्रवार उजाडला. दशकात दोन मोळ्या, एककात नऊजण. लिंबूटिंबू सोडली तर दहावं पोर वर्गात शिल्लकच नव्हतं. नऊजण दाराकडे डोळे लावून उभे, आणि दारातून आले मुख्याध्यापक. नीट दिसावं म्हणून दोन पावलं पुढे सरकले. खडूच्या रेघेच्या आत.



"घर भरलं!!"

मावशी "अरे, अरे, सर आहेत ते!" म्हणेपर्यंत सरांच्या पोटावरून फुलाफुलांची पट्टी फिरून गाठसुद्धा बसली होती.

"अरे, सोडा! मी तपासायला आलोय!"

"सर, पाय उचला, मागचे पडतील!"

सरांनी पाय उचलला. न उचलून करतात काय? मोळी दशकात जाऊन आदळली, चष्मा एका कानावर लोंबला, आणि लिंबूटिंबू स्टूल ओढत धावली आणि एककाच्या घरात ऐटीत बसली.

सरांनी नेमकं तिच्याकडेच बोट केलं. "तू! ऊठ. एकूण किती झाले, लिही."

मावशीने डोळे मिटले. फळ्यावर खडू करकरला. एकदा. मग थांबला. लिंबूटिंबूने तीन मोळ्यांकडे पाहिलं, आपल्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं, आणि तीनच्या शेजारी हे एवढं मोठं शून्य काढलं.

सर काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "आणि ते शून्य पुसलं तर काय बिघडलं?"

लिंबूटिंबू कमरेवर हात ठेवून म्हणाली, "वा! पुसलं तर तीनच उरतील. मग बाकीच्यांनी जायचं कुठे? तुम्हीपण त्यातच आहात, सर!"

सर आधी गालात हसले. मग त्यांचं पोट हललं, पोटाबरोबर पट्टी हलली, आणि पट्टीबरोबर अख्खी मोळी खदखदायला लागली.

तेवढ्यात शेजारच्या बाई तणतणत आत आल्या. "सर कुठे गेलेत? या गोंगाटाचं काही–" आणि समोर बांधलेले सर बघून जागच्या जागी थिजल्या. नेमक्या एककाच्या घरात.

"या, बाई, या," सर म्हणाले. "तेवढं दार ओढून घ्या. आता रोजच ओढत जा, या वर्गाचा आवाज बाहेर जातो."

लिंबूटिंबूने फळ्यावरचं शून्य पुसलं, तिथे एक लिहिला, आणि स्टूल काखोटीला मारलं.

"बाई आल्या. आता मला सुट्टी!"