मामंजी पुढे, बायका मागे

माझे मामंजी वैद्य होते. अमरावतीच्या आमच्या घरात दिवसभर खलबत्ता वाजायचा, आणि लग्न होऊन आल्यापासून तो बहुधा माझ्याच हातात असायचा. माहेर माझं अकोल्याचं. लग्नानंतर नवऱ्याला मास्तरकी मिळाली तीही अकोल्यालाच. म्हणजे तो माझ्या गावात आणि मी त्याच्या. सुटीला आला की माझ्या आईच्या हातच्या भाजीचं कौतुक सांगायचा आणि मी साली कुटत ऐकायची.

त्या वर्षांत आमच्याकडं कापसाशिवाय दुसरा विषय नव्हता. दूर कुठं अमेरिकेत लढाई लागली होती म्हणे, त्यामुळं विलायतेच्या गिरण्यांना आपला कापूस हवा झाला. बाजारात गाड्यांची रीघ लागायची. कालपर्यंत जाडाभरडा पंचा नेसणारे पागोटी बांधून, छत्री उघडून हिंडायला लागले. सगळे खुशीत होते, फक्त मामंजी चिडलेले. लोकांनी कापसाच्या हौसेनं थेट बांधापर्यंत नांगर फिरवले होते. बांधावरचा आघाडा गेला, पुनर्नवा गेली, ओढ्याकाठचा माकासुद्धा दिसेना. पूर्वी सकाळी एक फेरी मारली की झोळी भरायची, ती आता रिकामी परत यायची. म्हणून ते दरसाल मेळघाटात जाऊन वर्षभराची औषधं आणू लागले.

ही गोष्ट दोघांच्या कानावर गेली. एक बाजारातले कापसाचे अडते. आम्ही त्यांना शेठजी म्हणायचो. आगगाडी वऱ्हाडात नुकतीच येऊन पोचली होती, आणि ते तिच्यात बसून मुंबईला जाऊन आले होते. तिथं एक मोठी बाग आहे, झाडाझाडाला नावाची पाटी आहे, आणि एक माणूस सोबत हिंडून सगळं समजावून सांगतो, हे ते ज्याला त्याला सांगत सुटले होते. दुसरे अंजनगाव सुर्जीकडचे एक पाटील. त्यांच्या घरची दुखणीखुपणी मामंजीच बघायचे. दोघं एकदमच ओसरीवर येऊन बसले.

पाटील म्हणाले, "वैदबुवा, अवंदा आमालेबी न्या. जलम गेला, पन समोरचा डोंगर दुरूनच पाहून राहिलो."

"आणि मुंबईतल्यासारखं समजावून सांगायचं," शेठजींनी पुस्ती जोडली. "घरची मंडळीही येणार म्हणतात."

मामंजींनी मान हलवली खरी, पण बायका येणार म्हटल्यावर अडचण झाली. परक्या बायकांशी ते बोलणार कसे? घरची एखादी बाई सोबत हवी. सासूबाईंनी पाय पुढं करून दाखवले, गुडघे सुजलेले. राहिले मी.

फाल्गुन लागता लागता आम्ही निघालो. एलिचपूर, मग परतवाड्याची छावणी, आणि तिथून डोंगराचा पायथा. गाड्या खाली ठेवल्या. सामान बैलांच्या पाठीवर लादलं आणि वाट दाखवायला एक कोरकू गडी घेतला. चढ सुरू होताच मामंजी पुढं झाले, त्यांच्या मागं शेठजी आणि पाटील, मग सामानाचे बैल, आणि सगळ्यांत मागं आम्ही बायका: शेठाणी, पाटलीणबाई आणि मी.

मामंजी समजावून सांगत होते, पण पाठमोरे. वारा समोरून असला तर आमच्यापर्यंत अर्धं वाक्य यायचं, नाहीतर तेवढंही नाही. थोडा वेळ पाटलीणबाईंनी कळ काढली. मग मला म्हणाल्या, "काय सांगून राहिले वं तुये मामंजी? आमाले तं बैलाच्या घंट्याच आयकू येते."

मला काही मुळीच ठाऊक नव्हतं असं नाही. पण माझं ठाऊक असणं निराळं होतं. चार वर्षं मी त्या डोंगरातल्या साली, मुळ्या, शेंगा निवडल्या होत्या, वाळवल्या होत्या, कुटल्या होत्या. कुड्याची साल किती कडू ते माझ्या जिभेला माहीत होतं. पण कुडा उभा असताना कसा दिसतो ते मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या लेखी ती सगळी डब्यातली माणसं होती.

तेवढ्यात वाटेच्या कडेला एक झुडूप लागलं. त्याला पीळ घातलेल्या, सुतळीसारख्या शेंगा लोंबत होत्या. मी थांबलेच. "ही मुरडशेंग," मी म्हणाले. "लेकराच्या पोटात मुरडा आला की हिचंच उगाळून देतो आम्ही."

"झाडावरच पीळ पडते काय हिले?" पाटलीणबाईंनी शेंग हातात घेतली. "मले वाटे वैद लोक घरी बसून पिळत असन."

मलाही लहानपणी तसंच वाटायचं, हे मी सांगितलं आणि तिघी हसलो. तिथून माझं तोंड उघडलं ते उघडलंच. धायटीची लाल फुलं झुडपावर दिसली, जी मी आसवाच्या घड्यात घालायची. अर्जुनाची साल ओळखली ती खोडाला नाक लावून. इतकी वर्षं ज्याच्या चिपा मी कुटल्या तो अर्जुन असा ओढ्याकाठी आभाळाला टेकलेला असेल, असं कधी मनात आलं नव्हतं. मी खोडावर हात ठेवून उभी राहिले. शेठाणी म्हणाल्या, "ओळखीचं कोणी भेटलं वाटतं." खरंच तसं वाटत होतं.

बायकांचे प्रश्न मामंजींच्या पोथीत नव्हते. या लाकडाचं लाटणं होईल का? ही फुलं गौरीला चालतील का? एक पांढऱ्या सालीचं, पान नसलेलं झाड उघड्या अंगानं उभं होतं. "याले कोनी लुटलं काय?" म्हणून पाटलीणबाईंनी हळहळ केली. ते भुत्याचं झाड, त्याचा डिंक बाळंतिणीच्या लाडवात घालतात, असं मी सांगितलं. शेठाणींनी लगेच लाडवाचं प्रमाण विचारलं, पाटलीणबाईंनी त्यांचं निराळं सांगितलं, आणि पुढची बरीचशी वाट लाडवांवरून वाद घालण्यात गेली. जंगल आजूबाजूनं चाललं होतं. पळस पेटल्यासारखा फुलला होता, मोहाचा गोड, आंबूस वास मध्येच अंगावर यायचा.

चढावर मामंजींना शतावरी दिसली. ते पाटलांना आणि गड्याला घेऊन मुळ्या खणायला उतारावर गेले. शेठजींना दम लागला होता, ते मागंच राहिले. बाजूच्या झुडपावर एक वेल चढला होता आणि त्याला मखमलीसारख्या सोनेरी लवेच्या शेंगा लागल्या होत्या. शेठजींचा जन्म कापूस पारखण्यात गेलेला. कापसाचं बोंड दिसलं की चिमटीत तंतू ओढून बघायचा, ही त्यांची सवय. त्यांनी ती लव चिमटीत धरली, चोळली, लांबी बघितली, "तंतू आखूड आहे," असं म्हणाले आणि त्याच हातानं मानेवरचा घाम पुसला.

ती खाजकुइली होती. मला ओरडून सांगायला हवं होतं, पण परक्या पुरुषाशी बोलायची सवय नव्हती. शब्द ओठांवर येईपर्यंत उशीर झाला. शेठजी आधी मान वळवायला लागले, मग खांदा, मग उभ्या उभ्या नाचायला लागले. उपरणं कुठं, पागोटं कुठं.

"खाजवू नका म्हणावं," मी शेठाणींना म्हणाले. "पाणीही नको. शेण लावा. वाळलं की खरवडून काढायचं, त्याच्याबरोबर कुसं निघतात." हे मी पोथीत वाचलं नव्हतं. सासरच्या पहिल्याच वर्षी या शेंगांतलं बी काढताना माझे हात असे पेटले होते आणि सासूबाईंनी हाच उपाय केला होता.

शेठाणी घाबरून माझ्याकडं बघत राहिल्या. "शेण? आत्ता इथं कुठून आणू?"

पाटलीणबाई तोवर सामानाच्या बैलाकडं गेल्याही होत्या. बैल मोठा गुणाचा, त्यानं फार वाट पाहायला लावली नाही. "घ्या शेठानी, गरम हाये," म्हणत त्यांनी ओंजळ पुढं केली. शेठाणींनी डोळे मिटून नवऱ्याची मान, खांदे, दोन्ही हात सारवून काढले. बाजारात ज्यांच्या एका बोटावर भाव हलायचा ते शेठजी दगडावर बसून होते, नव्यानं सारवलेल्या ओट्यासारखे. हळूहळू त्यांचा श्वास खाली बसला.

मामंजी मुळ्या घेऊन वर आले आणि जागेवरच थबकले. "हे काय?"

"खाजकुइली," शेठजी म्हणाले. "पण आता बरं आहे."

"शेण लावायचं कोणी सांगितलं?"

"तुमच्या सूनबाईनं," शेठाणी म्हणाल्या.

मी पदर ओढून जमिनीकडं बघत उभी. वाटलं, आता घरी गेल्यावर ऐकावं लागणार. मामंजींनी एक पान तोडलं, त्या पानानं शेंग धरून नीट पाहिली. "बरोबर आहे," एवढंच बोलले. "नीट वाळू द्या."

त्यानंतर चालायचा क्रम बिघडला. शेठजी मागं मागं रेंगाळायला लागले, मग पाटीलही. दोघं दुसरीकडं बघतायत असं दाखवायचे आणि कान आमच्याकडं लावायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजींच्या लक्षात आलं, की आपण एकटेच पुढं बोलत चाललोय. ते एका झाडाखाली उभे राहिले. झाडाची नवी पालवी लालभडक होती. सगळे जमेपर्यंत ते तिथंच थांबले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "याचं सूनबाई सांगेल."

सासऱ्यासमोर मोठ्यानं बोलायचं म्हणजे काय, हे आजच्या मुलींना नाही कळायचं. मी पाटलीणबाईंच्या खांद्याकडं बघून बोलायला लागले. "हा कुसुम. याच्या बियांचं तेल डोक्याला लावतात. आणि जळायला लाकूड उत्तम." एवढ्यात दमले. मामंजींनी मान डोलावली आणि पुढं चालू लागले, पण आता सावकाश, आम्हाला ऐकू येईल इतक्या अंतरावर.

घाटमाथ्यावर एका साहेबाची बाग होती. शेठजींनी वशिला लावून ती बघायची परवानगी आणली होती. तिथल्या माळ्यानं आम्हाला हिंडवलं. वाफे आखलेले, झाडांना लाकडी पाट्या, गुलाब तऱ्हेतऱ्हेचे. शेठजींना मुंबईत आल्यासारखं वाटलं. माळ्यानं पाटलीणबाईंना एक हिरवा गड्डा दिला, साहेबलोकांची भाजी म्हणून. आम्ही कोबी तोवर पाहिलेला नव्हता. पाटलीणबाई दगडावर बसल्या आणि पानं सोलायला लागल्या. एक काढलं की आत दुसरं. शेवटी मांडीवर पानांचा ढीग आणि हातात बोटाएवढा दांडा उरला.

"अवं, इतलं सोललं, पन भाजी कोठी हाय याच्यात?"

माळी म्हणाला, ती टाकलेली पानं हीच भाजी. पाटलीणबाईंना पटलं नाही. साहेबाला कोणीतरी फसवलं असणार, असं त्यांचं शेवटपर्यंत मत होतं.

बागेच्या अगदी मधोमध कुंपण घालून, भोवती दगड रचून एक मानाचा वाफा केला होता. माळी आम्हाला मोठ्या अदबीनं तिकडं घेऊन गेला. वाफ्यात कापसाची झाडं होती. लांब धाग्याची, विलायती बियाण्याची.

पाटील कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "म्हंजे घाट चढून आलो ते पऱ्हाटी पायालेच काय?"

पण लगेच वाकले. शेठजीही वाकले, या वेळी चिमटीत धरण्याआधी माझ्याकडं एकदा बघून. मग तंतूची लांबी, बोंडाचा आकार, काळ्या मातीत जगेल की नाही, यावर त्या दोघांचं जे सुरू झालं त्यात मामंजीही ओढले गेले. आम्ही तिघी जाऊन कड्यावर बसलो. खाली सगळं वऱ्हाड पसरलं होतं, उन्हात धुरकट. पाटलीणबाई आपलं गाव शोधत होत्या आणि दर खेपेला निराळीकडं बोट दाखवत होत्या.

पुढच्या साली शेठजींचा निरोप आला. नात्यातली आणखी मंडळी येणार आहेत, पण वैद्यांची सूनबाई असेल तरच. मामंजींनी निरोप ऐकून घेतला आणि सासूबाईंना म्हणाले, "तिची वहाण बघा. चढाला चालेल अशी हवी." तेव्हापासून मी दरसाल गेले. लढाई संपली, कापूस उतरला, छत्र्या थोड्या कमी झाल्या. पण बायका यायच्या त्या येतच राहिल्या. त्यांना कापसाशी कर्तव्य नव्हतं. वर्षातून चार दिवस चूल दुसऱ्या कुणीतरी बघायची, हे त्यांना पुरेसं होतं. एकदा माझा नवराही सुटी काढून आला. मी बोलत असताना सगळ्यांत मागं उभा राहून ऐकत होता, त्याच्या वर्गातल्या पोरांसारखा गप्प.

मामंजी थकले तसे ते मागं चालायला लागले आणि मी पुढं. एका वर्षी घाटाच्या वळणावर त्यांनी मागून विचारलं, "सूनबाई, उजवीकडं काय आहे?" मला वाटलं, परीक्षा घेतायत. मी म्हणाले, "गवत आहे, मामंजी."

"कसलं?"

मग माझ्या ध्यानात आलं, की त्यांना ते दिसत नाहीये. मी चार काड्या उपटल्या आणि त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी चोळल्या, नाकाशी नेल्या आणि त्यांचा चेहराच उजळला. "तिखाडी," ते म्हणाले, आणि तिचं तेल कसं काढतात, कधी काढतात, संधिवाताला कसं लावतात, हे तिथंच उभ्यानं सांगायला लागले. सांगणं संपेना तशी पाटलीणबाईंनी बैठक मारली.

"वैदबुवा, मंग मायाबी गुडघ्याले चालन काय?" त्यांनी सरळ त्यांनाच विचारलं.

"कुठला गुडघा?" म्हणत मामंजी काठी टेकून समोरच्या दगडावर बसले. बाकीच्या बायकाही भोवती सरकल्या. प्रत्येकीचं काही ना काही दुखत होतंच. मी बैलांवरचं ओझं उतरवायला सांगितलं.