तिसरी जांभई

भाचीनं गेल्या वर्षी मला एका ऑनलाइन वाचनगटात घातलं. तिथं महिन्याचं पुस्तक मतदानानं ठरतं. फोनवर चार मुखपृष्ठं येतात, त्यांच्याखाली रेघा वाढत जातात आणि ज्याची रेघ लांब ते पुस्तक महिनाभर सगळ्यांनी वाचायचं. म्हणजे वाचलं असं म्हणायचं. मत देणाऱ्यांपैकी कुणीही आतलं पान उघडून पाहिलेलं नसतं. मी एकदा सुचवलं, की आधी प्रत्येक पुस्तकाची दहा पानं कुणीतरी मोठ्यानं वाचावीत आणि किती जण जांभई देतात ते मोजावं. चौदा जणींनी हसरे चेहरे पाठवले. मी विनोद केलेला नव्हता. पूर्णा जंक्शनला आम्ही चार वर्षं पुस्तकं अशीच निवडत होतो.

ही ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. माझे यजमान मालगाडीवर गार्ड, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, आणि बिऱ्हाड रेल्वे कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊला आमच्या व्हरांड्यात पाच जण जमायचे. आम्ही दोघं. एक निवृत्त हेडमास्तर, ज्यांना शाळा सोडून सहा वर्षं झाली तरी समोर चार माणसं बसली की हजेरी घ्यावीशी वाटे. एक होमिओपॅथीचे डॉक्टर, ज्यांच्या दवाखान्यात पेशंटपेक्षा मासिकं जास्त. आणि पाचवे केबिनमन, म्हणजे स्टेशनाबाहेरच्या उंच केबिनमध्ये लिव्हर ओढून गाड्यांना रूळ बदलून देणारे. ते जवळच्या चुडाव्याच्या बाजूचे, बौद्ध, साधारण माझ्याच वयाचे. निवडलेलं प्रत्येक पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचणारे आमच्यात ते एकटेच. बाकीचे आम्ही चर्चा करायचो.

पुस्तकाची प्रत एकच असे. ज्याला जे सुचवायचं ते त्यानं कुठूनही पैदा करून आणायचं, परभणीच्या वाचनालयातून किंवा पाहुण्यांच्या कपाटातून. निवडलेली प्रत महिनाभर घराघरांत फिरे. सुरुवातीला निवड चर्चेनं होई, म्हणजे हेडमास्तर म्हणतील ते पुस्तक. त्यांनी एकदा एक ऐतिहासिक कादंबरी आणली. तिच्यात नायक घोड्यावर बसेपर्यंत एकशे चाळीस पानं गेली. घोडासुद्धा बेजार झाला असेल. महिनाअखेरीला यजमान वैतागले. म्हणाले, “झोप तर पहिल्याच पानाला यायली होती सगळ्यांला. मग तवाच का न्हाई बोललं कुणी?”

त्यातून नियम निघाला. सुचवणाऱ्यानं पहिली दहा पानं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायची. ऐकणाऱ्यांच्या मिळून तीन जांभया झाल्या की पुस्तक बाद. तिसऱ्या जांभईला यजमान गार्डची शिट्टी फुंकायचे. शेजारच्या क्वार्टरमधली कुत्री भुंकायला लागायची आणि वाचणारा मान खाली घालून पुस्तक मिटायचा. हेडमास्तरांची तर सलग पाच पुस्तकं बाद झाली. डॉक्टरांच्या रहस्यकथा हमखास पास व्हायच्या, कारण दहा पानांत निदान एक तरी मुडदा पडायचाच. माझी रडकी पुस्तकं काठावर तरून जायची. लोकशाही म्हणतात ती हीच, असं आम्हाला वाटे.

केबिनमन यायचे ते थेट रात्रपाळी करून. बसल्या बसल्या त्यांच्या तीन जांभया पहिल्या पानावरच होऊन जात. पहिल्या महिन्यात त्यांच्या एकट्यामुळे दोन पुस्तकं बाद झाली. तेव्हा ते हात जोडून म्हणाले, “माझी जांभई धरू नका. ती पुस्तकाची न्हाई, रेल्वेची हाय.” सगळे पोट धरून हसलो आणि ठराव केला, की केबिनमनची जांभई मोजायची नाही. पाचांतल्या एकाला मतच उरलं नाही हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. आम्ही पुढारलेली माणसं होतो ना! आमच्या घरात सगळ्यांना एकाच ट्रेमधले कप होते, याचं मला केवढं कौतुक.

दुसरा नियम हेडमास्तरांचा: इथं नामांतराचा विषय काढायचा नाही. विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला, मराठवाडाभर वस्त्या पेटल्या, त्याला तेव्हा चारेक वर्षं झाली होती. अजून मोर्चे निघत, गाड्या अडवल्या जात, यजमानांची मालगाडी तासन् तास उभी राही. हेडमास्तर म्हणायचे, “साहित्यात राजकारण नको.” आम्ही माना डोलवायचो. केबिनमन चहा प्यायचे.

तीन वर्षांत त्यांनी एकदाही पुस्तक सुचवलं नाही. मग एका दसऱ्याला ते नागपूरला गेले आणि तिथल्या पुस्तकांच्या स्टॉलवरून एक पातळसं पुस्तक घेऊन आले. आपल्याच भागातल्या कुणा पोस्टमननं लिहिलेलं. लेखकाचं नाव आम्ही ऐकलेलं नव्हतं, छपाई यथातथाच. वाटेत भेटले तेव्हा मला म्हणाले, “बाई, या महिन्याला मी वाचणार हाय. हे एक पुस्तक तुमी सगळ्यांनी वाचावं, बस. पुन्हा मी काही मागत न्हाई.”

त्या रविवारी ते झोप झालेल्या डोळ्यांनी आले. मुद्दाम ड्युटी बदलून घेतली होती. इस्त्रीचा पांढरा सदरा, तेल लावून बसवलेले केस. पेपरच्या कव्हरात घातलेलं पुस्तक त्यांनी दोन्ही हातांनी धरलं आणि वाचायला लागले. आवाज चांगला होता. इतक्या वर्षांत आम्हाला तो माहीतच नव्हता.

गोष्ट एका गावाची होती, दंगलीनंतरच्या सकाळची. पहिल्या पानातच कळलं, की दुसरा नियम मोडलेला आहे. तिसऱ्या पानावर हेडमास्तरांनी आ वासून जांभई दिली. तीस वर्षं नाटकं बसवलेला माणूस, जांभईतही अभिनय होता. पाचव्या पानावर डॉक्टर. त्यांनी निदान तोंडावर हात तरी धरला. केबिनमन वाचत राहिले. सातव्या पानावर जळलेल्या घरापुढं तलाठी पंचनाम्याला येतो, मांडीवर कागद ठेवतो आणि घरातल्या बाईला विचारतो, काय काय होतं, सांग.

तिसरी जांभई मी दिली.

ती मला आली नव्हती. मी ती दिली. माझं माहेर सेलूकडचं. दंगलीच्या वर्षी आमच्याही गावची वेशीबाहेरची घरं जळाली होती. पुढच्या सुट्टीत गेले तेव्हा भावानं “आपलं त्यात काही नाही” म्हटलं, आणि मी पुरणपोळी खाऊन परत आले. एक प्रश्न विचारला नाही. आता ऐकता ऐकता मला धास्ती बसली, की पान उलटलं आणि जाळणाऱ्यांत आमचंच घर निघालं तर? शिवाय हेडमास्तर उठून गेले असते, मंडळ मोडलं असतं, माझा महिन्याचा एक रविवार गेला असता. कारणं पुष्कळ सांगता येतील. भित्री होते, हे त्यातलं खरं.

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. मग शिट्टी वाजवली. हळू वाजवली, पण वाजवली. केबिनमननी बोट घालून पान धरून ठेवलं होतं, ते बोट काढलं आणि पुस्तक मिटलं. चहाचा कप विसळून ठेवायला आत गेले. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं, की कप विसळून ठेवणारेही आमच्यात ते एकटेच. त्या महिन्यात डॉक्टरांच्या रहस्यकथेची निवड झाली. खून माळ्यानं केला होता.

पुढच्या महिन्यात ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. “ड्युटी असंल,” यजमान म्हणाले. ड्युटीचा तक्ता त्यांना तोंडपाठ होता, म्हणून ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

मग माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईकडून कळलं, की स्टेशनापलीकडच्या त्यांच्या वस्तीत ते पुस्तक फिरतंय. विहारात वही ठेवलीय, तिच्यात नंबर लावायचा. ना चर्चा, ना निवड. मी शाळा सुटल्यावर रेल्वेच्या फाटकाजवळ त्यांना गाठलं.

“भाऊ, मला ते पुस्तक हवंय.”

“नंबर लावावा लागंल, बाई.” राग नव्हता आवाजात. रेल्वेचा माणूस वेळापत्रक सांगतो तसा आवाज. “तुमचा सदतिसावा यील. सध्या अठरावा वाचायलाय.”

“एवढे दिवस?”

“कुणी चार दिवसांत देतंय, कुणी महिना लावतंय. ज्यांला वाचता यीना त्यांला वाचून दाखवाय लागतंय. लयच घाई असंल तर नागपूरहून मागवा.”

मागवता आलं असतं. मी नाही मागवलं. म्हटलं, रांगेतच उभं राहावं, तेवढीच शिक्षा. रांग पाच महिने चालली. पुस्तक आलं तेव्हा पेपरचं कव्हर जाऊन त्यावर शिवणाच्या कापडाचं कव्हर चढलं होतं आणि पानं पिठाच्या हातांनी मऊ पडली होती. मी उभ्याउभ्याच आठवं पान काढलं. मग खाली बसून सगळं वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं. आमचं घर त्यात नव्हतं. त्यानं काही बरं वाटलं नाही. मला माझी इतकी लाज वाटली, की यजमानांना पिठलं वाढताना मी रडले आणि कांदा तर त्यात घातलाच नव्हता.

वाचून झाल्यावर मी पुन्हा फाटकाजवळ गेले. सांगूनच टाकायचं ठरवलं होतं.

“भाऊ, त्या दिवशीची माझी जांभई खोटी होती.”

“म्हायत हाय,” ते म्हणाले. “रातपाळी करणाऱ्याला खरी जांभई वळखू येती, बाई.”

मालगाडी गेली, अख्खी गेली, डबेही त्या दिवशी जास्तच होते. मग त्यांनी विचारलं, “पुस्तक पुढं कुणाला दिलं?”

“हेडमास्तरांना,” मी उत्साहानं म्हणाले. “कालच नेऊन दिलं. म्हटलं, आधी हे वाचा.”

“त्यांचा नंबर हाय का वहीत?”

“नाही.”

“मग? तुमच्या मागं अडतिसावा नंबर हाय. पाच महिन्यांपासून वाट बघायलाय.” पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. “रांगेत उभं ऱ्हायलं तरी रांग तुमचीच का?”

मी तशीच हेडमास्तरांकडे गेले. ते आरामखुर्चीत बसून साठाव्या पानावर होते. चष्मा कपाळावर, डोळे लाल. “दोन दिवस थांब गं,” म्हणाले, “वाचू दे.” त्यांच्या तोंडून पुस्तकाबद्दल असं मी चार वर्षांत ऐकलं नव्हतं. तरी हातातून काढून घेतलं. म्हटलं, सर, वहीत नंबर लावा. ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच हेडमास्तर.

अडतिसावा नंबर वस्तीतल्या शेवटच्या गल्लीत होता. एक म्हातारी, दंगलीनंतर गाव सोडून लेकीकडं आलेली. मी पुस्तक पुढं केलं. तिनं ते उलटं हातात घेतलं, कव्हरावरून हात फिरवला आणि मला परत दिलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं अंगणात पोतं अंथरलं, आधी स्वतः बसली, मग मला जागा दाखवली.

“कर सुरू, माय.”

मी पहिल्या पानापासून सुरू केलं. शाळेत रोज वाचून दाखवायचे मी, पण त्या दिवशी पहिलीच ओळ दोनदा वाचावी लागली. दोन-तीन बाया उभ्या राहिल्या, मग बसल्या. सातवं पान झालं. आठव्यावर ती बाई तलाठ्याला एकेक जिन्नस सांगते: दोन गोधड्या, जोंधळ्याची कणगी, दिव्याची चिमणी. आणि तव्यावर एक भाकर होती, म्हणते. तलाठी म्हणतो, भाकर लिहीत नसतात. होती ना, ती म्हणते, मग लिवा.

म्हातारीनं हात वर केला. मी थांबले.

“लिवली का त्यानं?”

“नाही, मावशी.”

“आमची बी न्हाई लिवली,” ती म्हणाली. “वाच पुढं.”