दारापलीकडची नात

"थांब! तिथंच थांब! पाऊल पुढं टाकशील तर बघ!" माझ्या इंदिरानगरच्या गच्चीवरच्या खोलीतून सलीमभाई असे ओरडले, की तिकडे सातपूरच्या कारखान्यांत कामगारांनी पाळी सुटली समजून डबे आवरले असतील. जिन्यात त्यांची मुलगी शबाना उभी, हातात जेमतेम महिन्याची पोर. नात दाखवायला आली होती बिचारी. सलीमभाईंनी लांबूनच पोरीकडे पाहिलं, डोळे पुसले आणि दार लावून घेतलं…

सलीमभाई येवल्याचे पैठणी विणणारे. आमच्या मुलीच्या लग्नाची पैठणी त्यांनी नातवाच्या बारशाला आणून दिली, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. खरं म्हणजे ती हळदीच्या दिवशी आली होती. पण त्या उशिरावरून जे भांडण झालं, त्यातून जी दोस्ती जमली, ती जमलीच. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पोचला, नेहमीची औषधं थकली, तेव्हा नाशिकच्या एका इस्पितळात नव्या औषधाच्या चाचणीत त्यांनी नाव दिलं. हे औषध रक्तातून फिरत गाठ हुडकतं, तिला चिकटतं आणि तिथंच किरणांचा मारा करतं. डॉक्टरबाईंनी आडपडदा ठेवला नाही: सुरुवातीची चाचणी आहे, शरीराला किती सोसतं ते बघायचंय, गुण येईलच असं नाही. बाहेर आल्यावर हा गृहस्थ मला म्हणतो, "नाना, मी म्हणजे काठाचा नमुना. आधी वीतभर विणून बघायचं. साडी नेसणारी दुसरीच कोणी."

डोसनंतर अंगातून किरणं बाहेर पडतात, तेव्हा काही दिवस लहान मुलांपासून लांब राहा, संडास-बाथरूम वेगळं वापरा, एवढंच पथ्य होतं. म्हणून माझी वरची खोली. पण पथ्याचे दिवस सरले तरी पठ्ठ्या पोरीला हात लावेना! जिन्यातल्या त्या तमाशाच्या वेळीही ते दिवस केव्हाच उलटले होते. मी चिडलो. "अहो, डॉक्टरीणबाई घ्या म्हणतात ना?"

"बाईंनी कधी रेशीम हाताळलंय? हात धुतला, पुसला, स्वच्छ दिसला, तरी डाग पडतो. आणि कधी दिसतो? घडी मोडल्यावर. साडी असती तर उसवली असती, नाना. पोर कशी उसवू?"



दुसऱ्या डोसनंतर दुखणं इतकं उतरलं, की सलीमभाईंनी अर्धा बोकड एकट्यानं संपवला असं मी सगळ्यांना सांगितलं. दोन नळ्या खाल्ल्या होत्या. पण त्या खाताना कण्हले नाहीत, हे मात्र शपथेवर खरं. मग तिसरा, शेवटचा डोस ठरला. रक्त तपासलं तर पेशी घसरलेल्या. डोस पुढं ढकलला, सलीमभाई येवल्याला घरी गेले, आणि ढकललेला डोस तसाच राहिला… पाऊणएक महिन्यात फोन आला.

परवा येवल्याला जाऊन आलो. मागावर अर्धी पैठणी तशीच ताणलेली. शबानानं पोर माझ्या मांडीवर ठेवली. चांगली गुटगुटीत, माझी मिशी ओढायला लागली. मला वाटत होतं, शेवटी घरीच तर होते, डोसही लांबला होता, तेव्हा तरी… म्हणून विचारलं, "अब्बांनी घेतलं का गं हिला, एकदा तरी?"

"नाही. शेवटचा डोस झाला की घेतो म्हणाले होते."