नानांची रेकॉर्ड रूम

नानांची नोकरी मी खाल्ली.

आणि ती कशी खायची, हे त्यांनीच मला शिकवलं.

आज सकाळी नाना गेले. त्यांच्या मुलाचा, संजयचा फोन आला तेव्हा मी डबा भरत होते. ऑफिसला आलेय, पण कशात लक्ष नाही. म्हणून हे लिहितेय.

नाना म्हणजे धुळ्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलचे रेकॉर्ड कीपर. जिन्याखालची लांबट खोली, लोखंडी रॅक आणि छतापर्यंत पेशंटच्या फायली. पेशंटने खिडकीवर नाव सांगायचं, शिपायाने धावत यायचं आणि नानांनी फाईल काढून द्यायची.

मी तेव्हा जळगावच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत. नवीकोरी डेटाबेसवाली, तोरा मोठा.

त्या हॉस्पिटलला आम्हीच सॉफ्टवेअर दिलं होतं. सगळे पेशंट कॉम्प्युटरवर. पण शोधायला नाव टाकलं की स्क्रीनवर ते चक्र फिरत बसायचं. चार-चार मिनिटं. खिडकीपुढची रांग गेटपर्यंत, उन्हात.

मग खिडकीवरच्या मॅडम वैतागून शिपायाला नानांकडे पिटाळायच्या. चक्र फिरतंय तोवर फाईल हजर.

साहेबांनी मला सांगितलं, शनिवारपर्यंत हे पळायला हवं. नाहीतर ते लोक सॉफ्टवेअर परत करतील, आणि मग तूही घरी बस.

रोज सकाळच्या एसटीने जळगाव ते धुळे. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, मी आपली मांडीवर लॅपटॉप घेऊन क्वेरी, म्हणजे मशीनला शोधायला दिलेल्या सूचना, तपासतेय.

आडनावावर इंडेक्स टाकला. इंडेक्स म्हणजे पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना, तसं. सगळी पानं न उलटता थेट जागेवर जायचं. कॉलेजात शिकले होते, त्यामुळे खात्री फार होती.

काडीचा फरक पडला नाही. सर्व्हरची रॅम वाढवायला लावली. तरी तेच.

तिसऱ्या दिवशी दुपारी चिडून रेकॉर्ड रूममध्ये जाऊन बसले, कारण तिथे गारवा होता. नाना कळण्याची भाकरी खात होते. अर्धी मोडून माझ्यापुढे सरकवली, वर ठेचा ठेवला.

"काय करी ऱ्हायनी वं माय, तीन दिवस?"

मी सांगितलं की आडनावावरून पेशंट शोधतेय आणि मशीन दमतंय.

नाना हसलेच.

"पाटील सांगीसन काय उपयोग? आठे बठ्ठा पाटीलच शेतस. पहिले गाव इचार."

मग उठून रॅक दाखवले. फायली आडनावाने लावलेल्याच नव्हत्या. गावाने होत्या. आणि गावंसुद्धा एसटीच्या रस्त्याने. हा रॅक पारोळा रोडचा, हा साक्री रोडचा, तो शिरपूरकडचा. गावात मग आडनाव, आडनावात नाव.

मी खाली मान घालून भाकरी खाल्ली. अर्धे पेशंट पाटील आणि महाजन असतील तर आडनावाचा इंडेक्स काय दिवे लावणार? मशीन बिचारं तेवढे सगळे पाटील चाळत बसलं होतं.

पण आमच्या डेटात गावाचं नाव ज्याला जसं सुचलं तसं टाईप केलेलं. एकेका गावाची पाच-पाच रूपं. नाना म्हणाले, आण तुझी यादी इकडे.

दोन दुपारी ते माझ्या शेजारी बसले. मी वाचायचे, ते गाव नक्की करायचे. एकाच नावाची दोन गावं निघाली की तालुका सांगायचे, वर तिथला सरपंच कोण तेही फुकटात. मी घाई केली की रागवायचे. एका गावचा माणूस दुसऱ्या गावच्या माणसाच्या फाईलवर गेला तर त्याला कोणाचं औषध देशील, असं विचारायचे.

शुक्रवारी इंडेक्स बदलला. आधी गाव, मग आडनाव, मग नाव. खिडकीवरच्या स्क्रीनवरही गाव सगळ्यात वर.

एंटर दाबायचा अवकाश, पेशंट समोर. मॅडमनी माझ्याकडे संशयाने बघितलं आणि तोच पेशंट पुन्हा शोधला.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत रांग संपली होती. साहेब फोनवर चक्क शाब्बास म्हणाले.

त्या दुपारी शिपाई रेकॉर्ड रूमकडे एकदाही गेला नाही.

निघताना मी सांगायला गेले. नानांना रिकामं बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"मन्हं काम सरनं ना आते?"

"नाही हो नाना. तुमच्याशिवाय चालणार आहे का इथं?"

खोटं बोलले मी. सॉफ्टवेअर नीट चाललं की फायली स्कॅन करून ती खोली रिकामी करायची, हे करारातच होतं. मी तो वाचलेला होता.

दिवाळीच्या आत रॅक भंगारात गेले. नानांना गेटवर टोकन वाटायला बसवलं. पगार तोच, म्हणून कोणी काही बोललं नाही. रिटायर होईपर्यंत ते तिथेच.

मी पुण्याला आले. इंटरव्ह्यूत हाच किस्सा सांगितला आणि "मी शोधून काढलं" म्हटलं. नानांचं नाव घेतलं नाही. दर संक्रांतीला फोन करायचे. धुळ्याला मात्र गेले नाही. धीर व्हायचा नाही.

आज फोनवरच संजयजवळ हे सगळं बोलून टाकलं. रडत रडत. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, ताई, नानांना माहीत होतं. तुम्ही यादी घेऊन बसलात त्या पहिल्याच संध्याकाळी घरी येऊन आईला म्हणाले होते,

"आते खोली बंद व्हई जाई. व्हऊ दे. बिमार मानसे तासभर उनमा उभा ऱ्हातस, ते बरं दिखस का?"

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुन्हा येऊन माझ्या शेजारी बसले होते. उरलेली गावं सांगायला.

नाना, उशीर झाला. माफ करा.

तुम्हाला माझा शेवटचा नमस्कार.