पाणी घालू नये अशी बाग

झाड सुकलेले दिसले की भालचंद्रकाका राऊतांना घास जात नसे. उमराळ्याला त्यांची केळीची वाडी होती. विहिरीचे पाणी पाटाने फिरवायचे, एक आळे भरले की मातीचा बांध फोडून ते दुसऱ्याकडे वळवायचे, हे त्यांनी जन्मभर केले. पुढे विहीर मचूळ होत गेली, पाने कडेने करपू लागली. पत्नीच्या निधनानंतर तर वाडीत थांबण्याला कारणच उरले नाही, आणि मुलगा प्रणव त्यांना वसईत सातिवलीजवळच्या आमच्या इमारतीत, तळमजल्यावरच्या आपल्या घरी घेऊन आला.

आमच्याकडे नळाला पाणी दिवसाआड येते आणि उरलेली गरज टँकर भागवतो. इमारतीपुढच्या मोकळ्या पट्टीत बिल्डरने हिरवळ लावून दिली होती. ती केव्हाच वाळून गेली. तिथे पेव्हर ब्लॉक बसवून दुचाक्या लावाव्यात असे कमिटीने ठरवत आणले, तेव्हा काकांची सून हेमांगी उभी राहिली. "मला एक उन्हाळा द्या. टाकीचा थेंबही न घेता पट्टी हिरवी ठेवते. नाही जमलं तर खुशाल ब्लॉक घाला."

हेमांगी दुष्काळी खटावची. पाणी तुपासारखे वाढायचे, हे तिच्या माहेरचे वळण. ती कामणला एका गोदामाच्या ऑफिसात नोकरी करते; सुटीच्या दिवशी तिने पट्टीत खडी आणि विटांचे तुकडे मिसळले आणि कोरफड, घायपात, शेर, निवडुंग अशी झाडे लावली. फुगीर बुंध्याची, गुलाबी फुलांची अडेनियम लावली. जमिनीलगत सकाळी फुलणारे 'ऑफिस टाइम' पसरले. सोसायटीचा सेक्रेटरी एरॉल कमरेवर हात ठेवून बघत उभा राहिला. तोही वाडीवाल्यांच्याच घरातला.

"वहिनी, वसईत राजस्थान आणलंत. उंट कधी येणार?"

"उंटाला पार्किंग लागेल. आधी तेवढा ठराव करून घ्या."

काकांना मात्र हसू आले नाही. "यांनी असं काय पाप केलंय, म्हणून कोरडी ठेवायची?" त्यांनी सुनेला विचारले.

"बाबा, यांचं पाणी यांच्या पोटात आहे. वरून लागत नाही."

काकांनी मान हलवली. पटल्याची ती मान नव्हती.

मार्चपासून रोज पहाटे काका तांब्या घेऊन बाहेर येताना मला वरच्या मजल्यावरून दिसत. पूर्वेकडे तोंड करून ते क्षणभर उभे राहत आणि मग तांब्या वाकडा करीत. ते सूर्याला अर्घ्य देत आहेत, अशी माझी समजूत होती. या वयात इतका नेम पाळणारा माणूस शेजारी आहे, याचे मला कौतुकही वाटे.

एप्रिलमध्ये अडेनियमची पाने पिवळी पडली. बुंधा दाबला तर बोट आत जाऊ लागले. दारासमोरचा निवडुंग एका सकाळी आडवा झाला. आपली माती चुकली असे समजून हेमांगीने आणखी खडी आणून घातली. काकांनी तहान वाढली असा अर्थ घेतला आणि तांब्याचे दोन तांबे झाले.

"वहिनी, झाडं तहानेनं चाललीत," एरॉल म्हणाला. या वेळी त्याने विनोद केला नाही. "मेच्या शेवटी सभा आहे. लोक विचारणार."

पुढच्या रविवारी हेमांगीने मेलेली झाडे उपटायला घेतली, तर खालची माती ओली. ढेकूळ हातात घेऊन ती घरात गेली. काकांनी ते पाहिले आणि त्यांना सगळे कळले.

"माझ्या वाट्याचं होतं," ते म्हणाले. "आंघोळ अर्ध्या बादलीत उरकत होतो. कुणाचं घेतलं नाही."

"बाबा, या उन्हाळ्यात तुम्ही अर्ध्या बादलीत आंघोळ करत होतात?"

"तहानलेलं झाड दारात असताना भरल्या बादलीनं करवत नाही गं."

पुढचे हेमांगीनेच मला सांगितले. तिला रागवायचे होते, पण ते जमेना. तिने ढेकूळ मोरीच्या कट्ट्यावर ठेवले आणि या झाडांना तांब्याभरही पाणी रोज कसे बाधते ते समजावले. काकांनी ते ऐकून घेतले. "साचलेल्या पाण्यानं केळ कुजते, ते मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "पण तांब्याभरानं?" मग त्यांनी एवढेच विचारले, "आता तुझी पट्टी जाणार?"

"बघू. माती चुकली असं सांगेन सभेत. तुमचं नाव नको." बागाईतदाराच्या हातून झाडे मेली, हे चारचौघांत उघड होणे म्हणजे काय, हे तिला इतक्या वर्षांत कळले होते.

सभा इमारतीखालीच, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून भरली. एरॉलने ब्लॉकचा ठराव वाचला. निम्मी पट्टी उघडी पडलेली सर्वांना समोर दिसत होती. हेमांगी उभी राहिली. "मातीचं मिश्रण माझ्याकडून चुकलं," ती म्हणाली.

तेवढ्यात काका खुर्चीचा हात धरून उठले. "माती बरोबर होती. मी रोज पाणी घालत होतो. सून झोपेत असताना."

एरॉलने चष्मा काढला. "म्हणजे काका, झाडं तहानेनं नाही, बुडून मेली?"

खुर्च्यांमध्ये हशा पिकला. काकांनी तो ओसरू दिला.

"उमराळ्याच्या राऊतांनी झाडं मारली," एरॉल म्हणाला. "तिकडे कळलं तर तुम्हाला कुणी लावायला केळीचा मुनवाही देणार नाही."

"सांग तू सगळ्यांना. मी नाही म्हणत नाही. पण त्या ठरावात लिही, की पाणी घातलं म्हणून मेली. माझे गुडघे दुखतात, पट्टीच्या मधल्या त्या पायरीपलीकडे मी गेलोच नाही. पलीकडे बघ जाऊन."

काही जण खरोखरच उठून बघून आले. पायरीपलीकडे शेर गच्च वाढला होता आणि अडेनियमवर फुले होती. ब्लॉकचा विषय दिवाळीनंतरच्या सभेपर्यंत पुढे ढकलला गेला.

आपण सुटलो, असे हेमांगीला वाटले. काकांना वाटले नाही. त्याच रात्री जेवताना त्यांनी विचारले, "तांब्याभरानं मेली म्हणतेस. मग पावसाळ्यात काय करशील?"

हेमांगीचा घास हातातच राहिला. ज्या गावात पावसाची वाट बघण्यातच वर्ष जाते, तिथल्या मुलीला पावसापासून झाड वाचवायचे असते हे सुचले नव्हते. मागच्या वर्षी ही झाडे लावलेलीच नव्हती.

काकांनी उमराळ्याहून बांबू आणवले. वाडीत केळीच्या जोडीने पानवेलीचे मांडव घातलेले हात होते ते. दोन दिवसांत त्यांनी प्रणवला हाताशी घेऊन पट्टीवर उतरता मांडव उभा केला. उजेड हवा म्हणून झावळ्यांऐवजी पारदर्शक प्लास्टिक ताणून बांधले. प्रणवने कडेने चर खणला. काकांनी खुर्चीत बसून त्याचा उतार तीनदा बदलायला लावला.

आता जुलै चालू आहे. इमारतीच्या फाटकात घोटाभर पाणी आहे आणि मांडवाखालची खडी कोरडी आहे. काल मी खाली उतरलो तेव्हा काका दारात खुर्ची टाकून बसले होते आणि हेमांगी उंबऱ्याशी मेथी निवडत होती.

"एवढं आभाळ फाटलंय आणि यांना थेंब नाही," काका म्हणाले. "पाप लागेल गं आपल्याला."

"लागलं तर अर्धं माझ्या नावावर घ्या."

"अर्धं कशाला? सगळंच घे. मी म्हातारा माणूस, कुठे वाहत बसू?"

हे बोलता बोलता ते उठले आणि मांडवावर साचलेल्या पाण्याचा फुगा काठीने ढकलून त्यांनी पट्टीच्या बाहेर रिकामा केला.