मेटलच्या मागे लातूरला

आर्यानं वर्गात उभं राहून 'मेटल' शब्दाचा उगम सांगितला, त्या क्षणी माझं सगळं बदललं. जुन्या ग्रीकमध्ये त्याचा अर्थ खाण. काहींच्या मते त्याच्याही मागे 'शोधत जाणं'. आपला धातू म्हणजे धरून ठेवणारा, म्हणून वैद्य रक्तालाही धातूच म्हणतात. मागून एक जण फिदीफिदी हसला. मी त्याची कॉलर धरली, सरांशी भांडलो आणि नांदेडचं ते कॉलेज मधेच सोडलं. सुट्टीत आर्या घरी, लातूरला गेली. एका सकाळी मीही निघालो.

लातूरची लालपरी लोहा, अहमदपूर करत जाते. खिडकी उजवीकडची धरा. मी डावीकडे बसून ऊन खात गेलो. गावाचं नावच लोहा, त्यात पुढं रस्त्याचं काम. खडीचे ढीग बघून कंडक्टर म्हणाला, "मेटल टाकून राहिले, गाडी हळूच जाईल." शब्द फिरून परत दगडाच्या खाणीशी आला होता. मला वाटलं, आर्याला हे सांगावं.

अहमदपूरला भजी-चहा, लातुरात निलंगा राईस. थोडक्या पैशांत पोट भरतं. मग गंजगोलाई, लातूरची गोल बाजारपेठ. उन्हात पितळ असं चमकतं, की आपण स्वप्नात चालतोय असं वाटतं. तिथंच आर्याच्या वडिलांचं भांड्यांचं दुकान. ते मला ओळखत नव्हते. मी तांब्याचा तांब्या निवडला. भेटीच्या भांड्यावर नावं घालायची आपली रीत; वर घेणाऱ्याचं, खाली देणाऱ्याचं. वरचं नाव सांगितलं, आर्या. मशीनची सुई किरकिरत गेली.

"खाली कुणाचं?"

"केदार. नांदेडचा."

त्यांनी मशीन बंद केलं.

"कॉलर धरणारा तूच व्हय? घरी लई सांगती तुझं." मग तांब्या कागदात गुंडाळत म्हणाले, "नाव घातलेलं भांडं आम्ही परत घेत न्हाई, बाबू. तिला विचारलंस का?"

"न्हाई."

"मग आधी मलाच कामाला लावलंस का? संध्याकाळी ती गल्ल्यावर बसती. तिला विचार."

मला राग आला, कुणाचा ते कळेना. संध्याकाळची वाट न बघता परतीची बस धरली.

आता पहाटे घरी लिहितोय. आईनं त्याच तांब्यात पाणी भरून ठेवलंय. रात्री विचारत होती, आर्या कोण रे? खालची जागा कोरी आहे. बसमध्ये राग उतरला, ऊन उतरलं, एवढंच उरलं, की तिला विचारलेलं नाही.

सकाळची गाडी अजून मिळेल. तांब्या इथंच ठेवतो. रिकाम्या हातानं बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.